साहेबाच्या खांद्यामागची जहाजं

साखर पेठेतल्या ईरय्याला मोर झोपेतही काढता आला असता. बावीस वर्षं तो जवळपास तसाच काढत होता. बिरप्पा मालकांच्या कारखान्यात चादरीचे नकाशे करणं हे त्याचं काम. चौकटीच्या कागदावर एकेक घर शाईनं भरायचं, त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते मागावर चढवायचे, की चादरीवर मोर उतरायचा. अर्धं सोलापूर त्याच्या मोरांखाली घोरत होतं. पण मोर मालकांच्या वडिलांनी ठरवलेला. ईरय्याचं स्वतःचं असं त्यात काही नव्हतं.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात मालक म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी नवा नकाशा धरायचा हाय. तुज्या डोक्यातनं काय निघतंय का बघ. न्हाई तर आपला मोर हायच."

ईरय्याच्या डोक्यातून जे जे निघे, त्याला पिसारा असे.

शनिवारी दुपारी कारखान्याची वीज गेली आणि तो नवी पेठेजवळच्या थेटरात मॅटिनीला शिरला. सिनेमा इंग्रजी होता, एक अक्षर कळत नव्हतं. पण पंखे मराठीतच फिरत होते. डोळा लागणार तेवढ्यात पडद्यावरचा गोरा हिरो एका हॉटेलात गेला, तिथल्या पुरुषभर उंचीच्या पेटीपुढं उभा राहिला आणि दोन्ही मुठी धरून पेटीच्या काचेत वाकला.

ईरय्या ताठ बसला. साहेब मागावर उभा होता!

काचेत काळ्या जमिनीवर पांढरी जहाजं चालली होती. प्रत्येक जहाज चौकोनी घराला चौकोनी घर लावून केलेलं, नळकांड्याला तीन घरं, बुडाला अकरा. कुणा भल्या माणसानं चौकटीच्या कागदावरच ती भरली असणार. फरक इतकाच, की ही किनार सरकत होती. विलायतेत चादर विणण्याआधी चालवून बघत असतील, हे ईरय्याला मनापासून पटलं.

खालचा निम्मा भाग मात्र साहेबाच्या खांद्यानं झाकला होता. पाहिलेलं सांडू नये म्हणून ईरय्या मान न हलवता, डोक्यावर भरली घागर असल्यासारखा बाहेर आला आणि व्हरांड्यात कागदावर घरं भरू लागला.

मग रोज तेच. खांद्यापलीकडचं दिसावं म्हणून रविवारी तो डावीकडे बसला, सोमवारी उजवीकडे, मंगळवारी बाल्कनीत. साहेबाचा खांदा सगळीकडून तेवढाच रुंद होता.

थेटराच्या दारावरचे हुसेनसाब म्हणाले, "ईरय्याभाई, लोगां हिरोइन देखने कू आते, तुम डब्बा देख के भागते! क्या है उसमें?"

"चादर हाय," ईरय्या म्हणाला.

हुसेनसाबांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

घरी तर जहाजांना ऊतच आला. भिंतीवरून जात, चुलीच्या धुरातून जात, बायकोच्या पदरावरून हळूच वळत. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे कंबर तलाव. त्यालाच त्यानं मनात पलीकडचा काठ काढून टाकला, आणि जहाजं निवांत निघाली.

"अवो, भितीवर काय हाय?" राजव्वानं विचारलं.

"जहाज."

"मग त्येला बी वाडू का भाकरी?"

गुरुवारी शेवटचा खेळ. तो प्रसंग संपताच ईरय्या उठला, तर दारात हुसेनसाब आडवे.

"आज नक्को जाओ. बैठो. आगे देखो तो सही!"

ईरय्या नाइलाजानं बसला, आणि सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला पुढचं दिसलं. थोड्या वेळानं तीच पेटी पुन्हा पडद्यावर आली, आणि या खेपेला साहेब जरा बाजूला सरकला. काचेच्या तळाशी बंदुकीच्या नेमासारखी एक फुली होती. तिच्यातून एक ठिपका वर सरकला, अकरा घरांच्या जहाजाला लागला आणि जहाजाची घरं घरं होऊन उधळली. साहेब टाळी वाजवून हसला.

"खेल है भाई," हुसेनसाब कानाशी म्हणाले. "जहाज डुबाने का."

"एवडी घरं भरून काडली… आन् बुडवायला?"

घरी येऊन तो कागदापुढं बसला. आता खालचा निम्मा भागही ठाऊक होता, घराघरानिशी. दौतीत टाक बुडवून त्यानं तो बराच वेळ नुसताच धरला.

शुक्रवारी मालकांनी नकाशा हातभर लांब धरला. "बदकं का ही?"

"जहाजं हायती, मालक."

"आन् खाली समदं कोरंच?"

"पानी हाय."

"मग मासा घाल की. मगर घाल!"

बावीस वर्षांत ईरय्या पहिल्यांदाच मालकांना नाही म्हणाला. "तितं माणूस झोपनार हाय, मालक. त्येच्या पोटावर कशाला कुनाला बुडवायचं?"

मालकांना बुडवण्याचं काही कळलं नाही. पण कोऱ्या जागेला भोकं कमी पाडावी लागतात, म्हणजे खर्चही कमी, हे लगेच कळलं. "एका मागावर चडव," ते म्हणाले. "बगू."

माग खडखडू लागला. आधी कोरं पाणी सरलं, मग जहाजांची बुडं उमटली, मग नळकांडी. ईरय्या मागाच्या लाकडाला धरून उभा होता. कापड हळूहळू रुळाकडं ओढलं जात होतं आणि एकेक जहाज, बुडाच्या अकराच्या अकरा घरांनिशी, त्याच्या पुढ्यातून सुखरूप पार होत होतं.