बुडाला तीन भोकं

श्रीवत्स दमला होता, आणि दमल्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमहून लोकलनं पार्क स्टेशन, तिथं रस्ता ओलांडून दुसरी गाडी, मग अंबत्तूर. तीस वर्षं हाच रगाडा. तंजावरी मराठी घरातला, कामानं डायमेकर, म्हणजे साचे करणारा. नाव होतं ते साच्यातून निघालेल्या मालाचं. साचा करणाऱ्याला कोण कुत्रं विचारतं?

आयुष्यात एकच वस्तू त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढली. नारळाची पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण, झाडावरून गळते ना, ती एवढी पातळ असून वाकत कशी नाही, याचा त्यानं वर्षभर पिच्छा पुरवला. तिच्या अंगावरच्या लांब शिरांची ती करामत. तशाच शिरा त्यानं साच्यात कोरल्या आणि काथ्याचा चुरा दाबून देखणा, हलका ट्रे काढला. त्यात पंपाचे सुटे भाग भरून गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पाठवायचे, तिकडून रिकामे ट्रे परत यायचे, झिजले की चुरून पुन्हा नवे करायचे. टाकायचं काहीच नाही. मालक गुरुराज खूश झाला, पण त्यानं अट घातली. जानेवारीतल्या पोंगलपर्यंत शंभरातले नव्वद ट्रे परत यायला लागले पाहिजेत. नाहीतर पुन्हा थर्मोकोल, आणि श्रीवत्सचा विभाग बंद.

परत येत होते साठ. नवरात्र लागलं आणि चाळीसच यायला लागले. श्रीवत्सच्या नाकी नऊ आले. लॉरीवाल्याला विचारलं, तिकडच्या गोदामात खेटे घातले. जो तो हात वर करी. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार आपल्याला, या विचारानं त्याची झोप उडाली.

शुक्रवारी त्याची बायको त्रिपुरसुंदरी शेजारच्या विजयलक्ष्मीकडे कोलूला, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीला, जाऊन आली. येताना रीतीप्रमाणे पानसुपारी, हळकुंड, नारळ मिळालं होतं, आणि ते सगळं होतं श्रीवत्सच्या ट्रेमध्ये. स्वच्छ पुसलेला, काठाला हळदीकुंकवाची बोटं. विजयलक्ष्मीची सून त्याच पंपाच्या कारखान्यात होती. यंदा वाणाला प्लास्टिकचे डबे द्यायचे नाहीत, हे रिकामे ट्रेच घरी न्यायचे, असं तिथल्या बायकांनी ठरवलं होतं म्हणे.

आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं तरी कुणावर?

त्रिपुरसुंदरीचा चेहरा मात्र फुलला होता. "अहो, सगळ्याजणी उलटून पालटून बघत होत्या. कुणी केलंय म्हणून विचारत होत्या. मी सांगितलं, आमच्या घरच्यांनी."

तीस वर्षांत हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं. श्रीवत्सला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. दोन घास खाऊन तो आडवा झाला.

सोमवारी त्यानं साचा खोलला. बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढ्या रुंद तीन गोल खुंट्या बसवल्या, म्हणजे निघेल तो ट्रे तीन भोकं घेऊनच निघेल. पंपाच्या भागांचं त्यात काही अडत नव्हतं. सुपारी मात्र घरंगळून पडली असती, फुलंही. तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून त्यानं सुबक काठही खरवडून ओबडधोबड केला. गुरुराज म्हणाला, दिसतंय भिकार, पण चालेल.

पोंगलच्या आधी लॉरी आली ती शंभरातले शहाण्णव ट्रे घेऊन. विभाग वाचला. गुरुराजनं सगळ्यांदेखत श्रीवत्सची पाठ थोपटली, आणि श्रीवत्स उतरवलेल्या थप्प्यांकडे बघत राहिला. आता ते ट्रे कुणालाच घरी न्यावेसे वाटत नव्हते.