दवाखाना विकला त्या दिवशीची बाई

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पावसानं दडी मारली होती. अहमदपूरकडचा एका ट्रस्टचा दवाखाना डबघाईला आला, म्हणून तो एका डॉक्टरला विकायचं चाललं होतं. त्या विक्रीला सरकारी मंजुरी द्यायची का, याची धर्मादाय खात्याच्या साहेबांपुढं सुनावणी होती. घराण्यातला पहिला बी.ए. मी, हरकतीचा अर्ज घेऊन गावानं मलाच धाडलं.

कचेरीत बाकावर शेजारी एक अनोळखी बाई होती. पाण्याच्या रांगेतून तशीच आलेली. डोक्यावरची चुंबळ मांडीवर घेऊन पिळत होती.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

मी कागद काढेपर्यंत बाई उभी राहिली. "माझी हाय."

"तुम्ही ट्रस्टी आहात?"

"न्हाई. सून सातव्या महिन्यात हाय. नवा मालक बाळंतपणाची खोली बंद करायलाय."

"दवाखाना तोट्यात आहे, बाई. कागद बरोबर आहेत."

"म्हैस घेताना बी माणूस दात बघतंय, साहेब. तुम्ही दवाखान्यात एकदा तरी आलाव का?"

डॉक्टरचा वकील हसला. साहेबांनी मंजुरीवर सही केली.

माझं डोकं फिरलं. मोडकळीला आलेला दवाखाना कुणाच्या हाती जातोय, हे बघायलाच तर सरकारनं त्यांना खुर्ची दिली होती.

"मग सुनंला कुठं नेऊ?" बाईनं विचारलं.

साहेबांनी पुढची फाईल मागितली.

"सांगितल्याबिगर जात न्हाई," म्हणत ती टेबलासमोर फरशीवर बसली. मी अर्ज साहेबांपुढं आपटला आणि तिच्याशेजारी मांडी घातली.