ऊसतोडीआधी तपासलेले हात

परभणीत माझी मालिशची एक खोली आहे, फक्त बायकांसाठी. दिवाळी सरल्यावर एका सकाळी बोरीकडची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. त्यांची टोळी त्याच आठवड्यात ऊसतोडीला निघणार होती, अन् सुनेच्या उजव्या हातातून कोयता निसटायचा. "जरा रगडून द्या बाई, मोकळा व्हईल," सासू म्हणाली. या 'रगडून द्या'चा मला लय राग येतो. हात म्हणजे काय कणीक आहे?

आधी तपासते, म्हटलं. तिला उजवं मनगट खाली वाकवून तसंच धरायला लावलं. मिनिटभरही झालं नसेल, "मुंग्या यायल्यात ताई." कुठं, तर अंगठ्यात, शेजारच्या बोटात, मधल्यात. करंगळी ठीक होती. मनगटाच्या मधोमध बोटानं ठोकलं तर झिणझिणी थेट बोटांत गेली अन् तिनं हात ओढून घेतला. अंगठ्याखालचं मांस बसलेलं. चिमटीत कागद धरायला दिला, तो मी सहज काढून घेतला. बोटांच्या टोकांना तव्याचे चटके होते. "भाजलेलं कळतच न्हाई," ती म्हणाली.

मनगटात शीर दबली होती, अन् हे दुखणं आजकालचं नव्हतं. मी सरळ सांगितलं, हे मालिशचं काम नाही. डॉक्टरला दाखवा, ऑपरेशन करावं लागेल. कोयता तर धरूच देऊ नका.

"कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी असती बाई," सासू म्हणाली. "एकट्याला मुकादम घेत न्हाई. ही घरी बसली तर पोरानं कुणासंगं जायाचं? दुसरी करावी लागंल त्याला."

हे सुनेच्या तोंडावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात गेला म्हणून बायको बदलता का, मी विचारलं. सासूनं आपला वाकडा अंगठा पुढं केला. "माझा बी असाच गेलता. मला कोन इचारलं?"

सून इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिनं डावा हात माझ्यापुढं धरला. "ह्यो बघा ताई. ह्यानं तोडायला शिकते."

मी तेही मनगट वाकवून धरायला लावलं, मधोमध ठोकलं. तिची बोटं माझ्या हातात दचकली. पण मुंग्या येतात म्हटलं की मी कोयता नको म्हणते, हे तिला आता कळलं होतं. सासूकडे बघत ती म्हणाली, "काईच व्हईना. ह्यो चांगला हाय."