बोरमाळेतले वकील

आमच्या यजमानांना कायद्यातलं सगळं कळत असे आणि कायद्याच्या बाहेरचं त्याहून जास्त. अठ्ठावन्न साली किंवा त्याच्या आसपास अमरावतीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तिथला तिपाईवरचा लाकडी कॅमेरा ह्यांनी विकत घेतला आणि अकोल्याला घरी आणला. माझं माहेर राजापेठेतलं, त्यामुळे अमरावतीहून काहीही आलं की त्याचा दोष आपोआप माझ्याकडे येई. कॅमेऱ्याचाही आला. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लागला, बादलीच्या जागी औषधांच्या बशा आल्या, आणि रविवारी फोटोच्या काचा धुऊन होईपर्यंत घरातली सगळी माणसं पारोशी बसू लागली.

वर्षभर ह्यांनी आमचे फोटो काढले. त्यात आम्ही सगळे नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसतो. माणसं हलतात, म्हणून फोटो बिघडतात, असा निष्कर्ष निघाला. न हलणारी वस्तू हवी होती. ती तेल्हाऱ्याकडच्या दोन भावांनी आणून दिली.

भाऊ शेतकरी होते. वाटणीचा दावा चालू होता आणि थोरला ह्यांचा पक्षकार होता. शेत, विहीर, बैल यांचं कसंतरी जमत आलं होतं. अडलं होतं दागिन्यांवर. बोरमाळ, एकदाणी, एक नथ आणि गोठांची जोडी. दागिने थोरल्याच्या पेटीत होते आणि तो ते बदलून टाकेल अशी धाकट्याला खात्री होती. ह्यांनी कोर्टात सुचवलं की प्रत्येक दागिन्याचा फोटो यादीला जोडावा. फोटो कोण काढणार, हे सांगायला नकोच.

एप्रिलच्या उन्हात मागच्या पडवीत हा सोहळा झाला. भाऊ दोन बाजूंना बसले, एकमेकांकडे न बघता दागिन्यांकडे बघत. उकाडा भयंकर, म्हणून वकीलसाहेब बनियन आणि पायजम्यावर. फोटो सुरेख निघाले. नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा.

तारखेला न्यायाधीशांनी फोटो बघितले, मग भिंग मागवून बोरमाळेचा फोटो पुन्हा बघितला. त्यांनी फोटो धाकट्याच्या वकिलांकडे दिला. ते वयस्कर गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "यादीत नसलेली एक वस्तू फोटोत दिसते. बनियन."

बोरमाळेच्या प्रत्येक सोनेरी मण्यात आमचे यजमान होते. तिपाई, कॅमेरा, मागची खिडकी आणि डोक्यावरचं काळं फडकं सारून उभे राहिलेले ते, पोट जरा पुढे. चाळीस मणी होते, चाळीस वकील. एवढे वकील त्या कोर्टात एका वेळी कधी जमले नव्हते. पुन्हा फोटो काढा, असा हुकूम झाला.

घरी येऊन हे म्हणाले, "सोन्याचा दोष आहे. फार घासलेलं आहे."

मग सोन्याचा दोष घालवायचे प्रयोग सुरू झाले. घरातली पितळी वाटी नमुना म्हणून पुढे ठेवली. आधी पडवीत अंधार केला. वाटी दिसेनाशी झाली. मग ह्यांनी स्वतः दाराआड लपून पाहिलं, दार दिसलं. शेवटी माझी चेहऱ्याला लावायची पावडर वाटीला चोळली. फोटोत ती कणकेत घोळलेली दिसत होती. मी म्हटलं, "कोर्टात हे दागिने म्हणून देणार की तळायला?" त्यावर दोन दिवस अबोला झाला. ते दोन दिवस मला बरे गेले.

भांडी मी घासत असे, त्यामुळे चकाकणाऱ्या वस्तूंशी माझा रोजचा संबंध होता. पण मला कोणी विचारलं नव्हतं. एका सकाळी अंगणात तांब्या घासून उपडा ठेवला. त्यात माझं तोंड दिसत होतं, रुंद, कोहळ्यासारखं. तेवढ्यात वाऱ्याने दोरीवरचं पांढरं धोतर उडून माझ्या आणि तांब्याच्या मधे आलं आणि तोंड नाहीसं झालं. तांब्यात नुसतं पांढरं उरलं. म्हणजे चकाकी घालवायची नव्हतीच. तिला बघायला काहीतरी सोज्वळ द्यायचं होतं, इतकंच.

मी घरातली तिवई उलटी केली, तिन्ही पायांवरून ह्यांचं मलमलचं धोतर तंबूसारखं पसरलं, आत वाटी ठेवली आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुरतं एक भोक कापलं. ह्यांचा अबोला त्या भोकामुळे सुटला. पण काळ्या फडक्यात शिरून पाहिल्यावर ते बाहेर येईनात. आले तेव्हा म्हणाले, "माझ्याही मनात हेच होतं."

पुढच्या खेपेला भावांबरोबर त्यांची आई आली. प्रत्येक दागिना तोच आहे हे ओळखून सांगायला तिला आणली होती. काटकुळी, सत्तरीची बाई. मी चहा दिला. ती पडवीच्या खांबाला टेकून सगळं बघत बसली. ह्या वेळी यजमान बंद गळ्याच्या कोटात होते.

बोरमाळ तंबूत ठेवली. माणूस दिसेना, खिडकी दिसेना. पण सोनंही दिसेना. मणी पिठाच्या गोळ्यांसारखे सपाट दिसत होते. सगळं पांढरंच मिळालं की सोन्याला आपला आकारही सांगता येत नाही. मी खुंटीवरचा ह्यांचा वकिलीचा काळा कोट आणला आणि त्याची बाही तंबूत एका कडेने सोडली. प्रत्येक मण्यावर एक बारीक काळी रेघ उमटली आणि मणी गोल झाले. भिंगाचं भोक तेवढं काळ्या तिळासारखं दिसत होतं. माळ जराशी तिरकी केली, तोही गेला. माझ्या माहितीप्रमाणे त्या कोटाचा पक्षकाराला झालेला हा पहिला उपयोग.

म्हातारीने मला विचारलं, "बाई, हे एवढं काहून करून राह्यले?"

"आजी, दागिन्यात कोणी माणूस दिसू नये म्हणून."

"काहून दिसू नये? माह्याच त हायेत ते."

"तुमच्या सासरचे ना?"

"सासरचे कायचे? माह्या बापानं देल्ले लग्नात. हे दोघं पोट्टे तवा कुठं होते?"

मी हातातली बाही सोडली आणि ह्यांच्याकडे गेले. "अहो, हे दागिने आजींना त्यांच्या वडिलांनी दिलेत. मग ते मुलांच्या वाटणीत कसे आले?"

यजमान काळ्या फडक्यात होते. दोन वर्षं दावा चालला होता. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वजन विचारलं होतं, घडण विचारली होती. दागिने कोणाचे, हे त्यांच्या मालकिणीला कोणी विचारलं नव्हतं, कारण ती दाव्यात कुठेच नव्हती.

ह्यांनी बाहेर येऊन थोरल्याला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हो जी, मायचेच हायेत. पन आता तिले काय करा लागते दागिन्याचं?"

म्हातारी उठली. तंबूचं धोतर बाजूला सारून तिने बोरमाळ उचलली आणि गळ्यात घातली. मग एकदाणी. गोठ हातांच्या हाडांवरून सहज आत गेले. नथ घालायला वेळ लागला, कारण नाकाचं भोक बुजत आलं होतं. मी थोडं तेल दिलं. भाऊ पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होते.

"आता काढा फोटो," ती ह्यांना म्हणाली.

ह्यांनी काढला. त्यात अंगण, दोरी, दोन्ही मुलगे, कॅमेरा, सगळं मण्यांत आलं आहे. ती त्यात जराही हललेली नाही.

पुढच्या तारखेला दागिने यादीतून वगळले गेले. ती ते अंगावर घालूनच तेल्हाऱ्याला गेली आणि पुढे रोज घालून कापूस वेचायला जात असे, असं थोरला सांगे. सांगताना त्याला त्रास होई. मरायच्या आधी तिने सगळं दोन लेकींना देऊन टाकलं. दावा भावांचा होता, त्यामुळे तिला लेकी आहेत हे आम्हाला तेव्हाच कळलं.

गावात मात्र यजमानांचं नाव झालं. अकोल्याचे दोन सराफ आणि अमरावतीचा एक, आपापल्या घडणीचे फोटो काढून घ्यायला आमच्याकडे माल पाठवू लागले. सहा-सात वर्षं मी दुपारची कामं आटोपून तिवई उलटी करी आणि फोटो काढी. एका सराफाने ते चौकटीत बसवून दुकानात लावले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं की छायाचित्रं वकीलसाहेबांनी काढली आहेत. मी एकदा पाटल्या मोडायला गेले असताना त्याने मला ते कौतुकाने दाखवले आणि म्हणाला, "वहिनी, साहेबांची नजर मोठी बारीक आहे."

मी म्हटलं, "हो, फार." आणि पाटल्यांचं वजन करायला सांगितलं.