कुठला भात?

लाँड्रीच्या वर, अरुंद जिन्याच्या माथ्याशी ते सुशीचं दुकान आहे. लाकडाचा एकच लांब काउंटर, पुढे मोजक्या खुर्च्या. पाटी इतकी लहान, की शोधत आलेला माणूसही पुढे निघून जातो. हौशी मंडळी चौकातल्या झगमगीत हॉटेलापुढे ताटकळतात, आणि इकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पण जो एकदा इथे जेवला, तो पुन्हा चौकात गेला नाही.

उस्ताद काउंटरमागे उभे राहून मासा कापतात, भाताच्या लहानशा मुटक्यावर काप बसवतात आणि एकेक घास गिऱ्हाइकासमोर ठेवतात. वाहवा त्यांची होते. भात पडद्याआड त्यांच्या बायकोचा. त्या सगळ्यांच्या वहिनी. शिजलेला भात पसरट लाकडी भांड्यात काढायचा, व्हिनेगर शिंपडायचं, उलथण्यानं अलगद मोकळा करायचा, वारा घालायचा. मग मनगट लावून ऊब बघायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तशी. मुटका बोटांत फुटता कामा नये आणि तोंडात गेल्यावर टिकता कामा नये.

‘‘वहिनी, तुमच्या भाताचं कुणी नाव काढत नाही हो,’’ असं कुणी हळहळलं, तर त्या म्हणायच्या, ‘‘नाही काढत तेच बरं. भाताचं नाव निघालं, की समजायचं बिघडला.’’

यंदा वहिनींचा खांदा धरला. डॉक्टरांनी उलथणं हातात घ्यायचं नाही म्हणून बजावलं. उस्ताद म्हणाले, ‘‘तुझा भात नाही, तर माझा मासा नाही. दुकान बंद.’’

‘‘अहो, सून आहे की! इतके दिवस माझ्या हाताखाली शिकतेय.’’

‘‘आई, मला नाही जमायचं,’’ सून घाबरली.

‘‘मला तरी कुठं जमत होतं? माझ्या पहिल्या भातानं तुझ्या सासऱ्यांनी पाकिटं चिकटवली होती.’’

शेवटी ठरलं. एका संध्याकाळी भात सून करेल, वहिनी गिऱ्हाईक म्हणून जेवतील आणि निकाल देतील. भात पसंत पडला तर दुकान चालू, नाहीतर पाटी खाली.

इतक्या वर्षांत वहिनी त्या खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या माशाचे उरलेसुरले तुकडे तोंडात टाकले असतील तेवढेच. त्या परक्या घरी आल्यासारख्या अंग चोरून बसल्या. शेजारी दाताचे डॉक्टर होते, इथले जुने गिऱ्हाईक.

पहिला घास समोर आला. वहिनींनी काप बाजूला सारून बोटानं भात उकलला.

‘‘हे काय? गिऱ्हाईक असं करतं?’’ उस्ताद खेकसले.

‘‘सवय हो.’’

‘‘ठेवला की उचलायचा. खा मुकाट्यानं.’’

त्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. पडद्याआड वारा घालायचा आवाज थांबला.

‘‘वहिनी, बोला की! आमचं पोट तुमच्या जिभेवर टांगलंय,’’ दाताचे डॉक्टर म्हणाले.

पुढचा घास बांगड्याचा. तो तोंडात गेला आणि वहिनींचे डोळे लकाकले.

‘‘अगंबाई! अहो, बांगडा असा लागतो होय? जन्मभर तुमच्या पाठीमागे राबले आणि कुणी सांगितलं नाही मला! वर आलं लावलंय का? आणि तो पहिला पांढरा मासा, तो तर नुसता गोड…’’ त्या थांबेनात. डॉक्टरांचा दंड धरून त्यांनाच माशाचं कौतुक ऐकवू लागल्या.

पडदा सरकला. सून बाहेर आली, डोळे भरलेले. ‘‘आई, मासा मासा काय लावलंय? सांगून टाका ना. भात बिघडलाय ना?’’

वहिनींनी तोंडातला घास संपवला आणि तिच्याकडे गोंधळून बघितलं.

‘‘कुठला भात?’’

उस्तादांना आधी कळलं. सुरी पुसायच्या निमित्तानं त्यांनी पाठ फिरवली आणि ती सुरी बराच वेळ पुसली.

‘‘सूनबाई,’’ ते तसेच पाठमोरे म्हणाले, ‘‘रडतेस काय? भांड्याचा तळ दिसतोय. दुसरा भात लाव.’’

‘‘आणि मला,’’ वहिनी बशी पुढे सारत म्हणाल्या, ‘‘अजून एक बांगडा.’’