रावसाहेबांचा ताठा

रावसाहेब म्हणजे माणूस नव्हे, विमान. एकावर एक असे दोन पंख, कापडी अंग, पण जितंजागतं आणि बोलकं. तरुणपणी त्यांनी शेतांवर औषध फवारलं. विमानांच्या क्लबात मात्र लढाईच्या गोष्टी सांगायचे. ऐकणारेही तसलेच थापाडे, त्यामुळे टोकणार कोण?

अडचण एकच. मागचं चाक बुटकं, त्यामुळे जमिनीवर असताना नाक आभाळाकडे आणि समोरचं काही दिसत नाही. अशा विमानाने डावी-उजवीकडे वळत, डोकावत पुढे जायचं असतं. रावसाहेबांना त्यात कमीपणा वाटे. मी काय प्यायलोय झोकांड्या खायला, म्हणायचे.

यंदा क्लबच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं: वर्धापनदिनाला नीट उडालात तर ठीक, नाहीतर एका हॉटेलवाल्याने तुम्हाला छताला टांगायला मागितलंच आहे. रावसाहेबांची झोप उडाली.

त्या सकाळी क्लबच्या मेकॅनिकने पंखांची शिवण तपासली. ती नोकरीला लागली तेव्हापासून ते तिला पोरी म्हणत. आता पोरीचे केस पिकले होते.

"रावसाहेब, आज वळत वळत जा. नाहीतर मी पंख धरून बरोबर चालते."

"पाहुण्यांसमोर? लोक काय म्हणतील, पोरी?"

"म्हणू देत. एकदा वर गेलात की सगळे गप्प बसतील."

पण ऐकतील तर ते रावसाहेब कसले. बँड वाजला आणि स्वारी सरळ निघाली. वाटेत अध्यक्ष नव्या गाडीला टेकून, पाठमोरे, पोट आत ओढून फोटो काढून घेत होते. मागे बघायची सवय त्यांनाही नव्हती. मेकॅनिकने बोंब मारली. अध्यक्षांनी टुणकन उडी मारली म्हणून वाचले, गाडी नाही वाचली. त्या दिवशी हवेत गेले ते एकटे अध्यक्ष.

रावसाहेबांना हॉटेलात धाडायचं ठरलं. निरोप मात्र झोकात झाला. प्रत्येकाने भाषण ठोकलं, प्रत्येकाच्या भाषणात लढाई होती. मग मंडळी जेवायला पांगली. टांगायच्या आधी टाकी रिकामी हवी, म्हणून मेकॅनिक टाकीखाली डबा लावून पेट्रोल काढायला बसली.

"गाडीच मध्ये आली," रावसाहेब म्हणाले. तिने तोटी उघडली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज उतरला. "थोडं राहू दे गं आत. कधी अचानक बोलावलं तर?"

तिला त्यांचा राग आला होता, आणि रडूही.

"ठेवते हं," ती म्हणाली, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा तसाच धरून बसली.