कापलेली कड

कतारला, दोह्यात आलेल्या माणसाला पहिला रोग लागतो तो लॅमिनेशनचा. डिग्री घ्या, लग्नाचा दाखला घ्या, पोरांची लसीकरणाची कार्डं घ्या, सगळं प्लास्टिकमध्ये. घर भाड्याचं, नोकरी कराराची. आपलं म्हणायला इथे असतात ते कागदच. आमच्या ओळखीतल्या एकीने वसईहून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखला इतका कडक करून ठेवला होता की लाइट गेली तर वारा घालता आला असता. मी तिला पोटभर हसून घेतलं होतं. खरं म्हणजे हसायचं तोंड मला नव्हतं. मी हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्समध्ये होते, आणि कडा कुरतडलेला कागद दिसला की माझे हात शिवशिवायचे.

अठ्ठ्याण्णव साली आई गेली. मी वसईला जाऊन तिचं कपाट आवरलं, तेव्हा लुगड्यांच्या खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात काय आहे ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. आई लग्नाआधीपासून मुंबईत एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होती. बाई ज्यू. हिटलरच्या तावडीतून निसटून, युद्ध पेटायच्या जरासंच आधी, एकट्या बोटीने मुंबईला आलेल्या. धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची तान्ही मुलगी मागे राहिली होती. कागदपत्रं झाली की आम्हीही येतो, असं बहीण म्हणाली होती. ती कधी झालीच नाहीत. युद्ध सुरू झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं बहिणीची पत्रं यायची, तिसऱ्याच देशातल्या कुणा ओळखीच्यांमार्फत, फिरत फिरत. मग तीही थांबली. बाई शेवटपर्यंत मुंबईतच राहिल्या. लग्न केलं नाही, नातलग कोणी उरले नाहीत. जाताना डबा आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझ्या माणसांपैकी कोणी विचारत आलं तर दे."

आईने पंचवीसेक वर्षं तो सांभाळला. आम्हा भावंडांपैकी कोणी हात लावला तर पाठीत धपाटा. "परक्याची ठेव आहे ती, तुमच्या बापाची नाही," असं म्हणायची. विचारत कोणीच आलं नाही. मग मी तो डबा सामानात घालून दोह्याला आणला, कारण वसईचं घर बंद राहणार होतं आणि दमट हवेत कागदाचं काय होतं ते मला सांगायला नको.

अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर मी ती पत्रं पहिल्यांदा पसरली. अकरा होती. कागद पातळ, तपकिरी पडलेले, कडांना कसर लागलेली. अक्षर बारीक, उभं, जर्मन, आणि तेही जुन्या वळणाचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हात लावला की कडेची भुकटी टेबलावर पडायची. मला आईची आठवण आली, रडू आलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी शहाणपणा करायला निघाले.

आमच्या बिल्डिंगच्या खालीच फोटोकॉपीचं दुकान होतं. चालवणारा केरळचा, शांत माणूस. मी पत्रं लॅमिनेशनला म्हणून काउंटरवर ठेवली. तो म्हणाला, "मॅडम, किनारा बहुत खराब है." मी म्हटलं, "काट दो भैया, चारों तरफ से सीधा काटो." त्याने कागद कापायच्या मशीनवर एकेक पत्र सरळ केलं. एका पत्राशी तो थांबला, पत्र माझ्याकडे फिरवून म्हणाला, "मॅडम, इधर साइड में कुछ लिखा है."

मी बघितलं. खरंच बघितलं. कडेला, आडवं, पेन्सिलीचं काहीतरी पुसट. बाकीचं पत्र शाईचं. मला वाटलं डाग असेल, नाहीतर टपालवाल्यांची काही खूण. खाली गाडीत नवरा हॉर्न वाजवत होता, मला ड्यूटीवर सोडून त्याला पुढे जायचं होतं. माझी मेली घाई! मी म्हटलं, "वो कुछ नहीं. काटो, यल्ला, जल्दी." त्याने कापलं. बोटभर रुंदीची पट्टी खाली कचऱ्याच्या डब्यात पडली आणि पत्र गरम होऊन दुसऱ्या बाजूने कडक, चकचकीत बाहेर आलं. मी खुशीत शुक्रन, थँक्यू म्हणून घेऊन गेले.

पुढे आठ-नऊ वर्षं ती पत्रं माझ्या कपाटात होती. ऑफिसात इंटरनेट आलं आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मला कळलं, की युरोपात अशा कागदांची संग्रहालयं आहेत. सरकारी याद्या, पोलिसांची रजिस्टरं तर तिथे असतातच, पण साध्या माणसांची पत्रं, फोटो, वह्याही ते गोळा करतात आणि नावाला नाव जुळवतात. मी लगेच बसले. आम्ही पेशंटच्या फाइलींची करतो तशी यादी केली, पत्राला नंबर, पाकिटावरची नावं जशी होती तशी, आणि पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंची बहीण आणि मेहुणा त्यांच्या यादीत होते. ज्या आगगाडीने त्यांना छळछावणीत नेलं तिच्या यादीत. मुलगी मात्र त्या गाडीत नव्हती. घरच्या मोलकरणीने तिला आदल्याच आठवड्यात आपल्या गावी नेलं होतं आणि वेगळं नाव देऊन वाढवलं होतं. ती जिवंत होती, ऑस्ट्रेलियात राहत होती आणि आईबापांचं काही मिळतंय का म्हणून कित्येक वर्षं त्या संग्रहालयाला पत्रं लिहीत होती. तिच्याकडे आईचा फोटो नव्हता. अक्षर नव्हतं. होती ती यादीतल्या एका ओळीची झेरॉक्स. नाव, जन्मतारीख, गाडी सुटल्याची तारीख.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून पुन्हा बसले. आई, आलं गं कोणीतरी विचारत, असं मनात म्हटलं. पत्रं स्कॅन करून पाठवली.

मग भाषांतर आलं. दहा पत्रांत घरातल्या गोष्टी होत्या, कोळसा मिळत नाही, वरच्या मजल्यावरचे गेले, छोटीला दात आले. मुलीचा उल्लेख सगळीकडे 'छोटी' असाच. अकरावं पत्र शेवटचं. त्याच्या तळाशी लिहिलं होतं, "छोटीला स्वतःचं नाव धड म्हणता येत नाही. ती स्वतःला काय म्हणते सांगू? आता आम्हीसुद्धा सगळे तिला तीच हाक मारतो. जागा संपली, कडेला लिहिते." आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याची टीप: कडेचा मजकूर कापला गेला आहे. कधी, कसा, कळल्यास कृपया कळवावे.

देवा रे. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. आईला त्या बाई पत्रं वाचून दाखवायच्या, मोडक्या हिंदीत. आईला ती हाक नक्की ठाऊक असणार. आई जिवंत असती तर एका फोनचं काम होतं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, कोण बघायला आलंय? जुने कागद, फाटले म्हणायचं. खलास." मला त्याचा राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. "मिळाली तेव्हा अशीच होती," असं लिहून पाठवलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डमध्ये एक आकडा चुकला तर आकांडतांडव करणारी मी.

ऑस्ट्रेलियातली ती छोटी आली दोन हजार नऊमध्ये. पत्रं स्वतः नेऊन संग्रहालयात द्यायची होती तिला, आणि तिचं विमान दोह्यातच बदलत होतं. एक दिवस मिळत होता. मी विमानतळावर जाऊन तिला घरी आणलं. सत्तरी ओलांडलेली, किरकोळ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. तुमच्या आईचा फोटो बघू दे म्हणाली, आणि फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या मावशीने हिच्या हातचं खाल्लं." मी मान हलवली.

सोफ्यावर तिच्या मांडीवर मी पत्रं ठेवली. तिने पहिल्यावर तळहात ठेवला आणि तो हात तसाच फिरवत राहिली. "हे काढता येतं का? प्लास्टिक?" तिने विचारलं. "मला फक्त एकदा कागदाला हात लावायचाय."

मी म्हटलं, नाही येत. काढायला गेलं तर शाई प्लास्टिकबरोबर निघते. मी संग्रहालयाला विचारलं होतं.

"असू दे," ती म्हणाली, आणि तिने नखाने प्लास्टिकची कड जरा उचलून बघितली, लहान पोरं बघतात तशी. ते बघून माझा धीरच सुटला. मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. दुकान, मशीन, तो माणूस थांबला होता ते, मी "काटो" म्हटलं ते. मिळाली तेव्हा अशीच होती हे मी खोटं लिहिलं, तेही. हात जोडून माफी मागितली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, "तुम्ही वाचलं होतं ते? कापायच्या आधी?"

"मला वाचता येत नाही ती भाषा."

"आकार तरी? किती अक्षरं होती?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मला त्या दुकानदाराचं बोट आठवलं, त्याच्या नखाखालची काळी शाई आठवली. अक्षरं नाही आठवली.

ती पत्र घेऊन खिडकीशी गेली. कापलेल्या कडेला पेन्सिलीच्या अक्षरांचे काही खालचे शेंडे उरले होते, कुठे अर्धगोल, कुठे नुसती टिंबं. चष्मा काढून तिने ते डोळ्यांजवळ धरलं. मग हळू आवाजात एक नाव म्हणाली. थांबली. मान वाकडी करून जरा ऐकल्यासारखं केलं. दुसरं म्हणाली. मला वाटलं माझ्याशी बोलतेय, म्हणून मी उठून जवळ गेले. ती माझ्याशी बोलत नव्हती. त्या शेंड्यांवरून जुळवून जुळवून, आईने मारली असती तशी, ती स्वतःलाच हाक मारत होती. प्रत्येक हाकेनंतर थांबायची. खाली अल सद्दच्या रस्त्यावर गाड्या चालू होत्या, एसी घरघरत होता, आणि ती आणखी एक नाव म्हणायची, आणखी एक. जेवण थंड झालं तरी ती तिथेच उभी होती, आणि एकाही हाकेला तिला आतून ओ देता आली नाही.